पाहुण्यांचा परिचय

आमच्या लॉ कॉलेजात सरांच्या तासाला हजेरी होत नसे, पुकारा होत असे. सर वर्गाच्या दारात उभे राहायचे, उजवा हात तोंडाशी धरायचे आणि कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखं एकेकाचं नाव तीनदा पुकारून शेवटी 'हाजिर हो' म्हणायचे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही जो आला नाही त्याच्या नावापुढं ते हजेरीपटात 'एकतर्फी' असं लिहीत. मग त्या पोरानं एकतर्फी हुकूम रद्द व्हावा म्हणून रीतसर अर्ज करायचा, उशिराचं सबळ कारण द्यायचं, आणि सर दोन्ही बाजू ऐकून, म्हणजे त्याची आणि स्वतःची, निकाल द्यायचे. परंड्याची बस बंद पडली हे कारण नेहमी मंजूर होई, कारण सर परंड्याचेच होते आणि त्या बसला चांगले ओळखून होते. लग्नाला गेलो होतो म्हणणाऱ्याला एकच उलटप्रश्न असे, लग्न तुझं होतं का? तसं नसलं की अर्ज नामंजूर.

आमच्या वर्गात निम्मे लोक नोकरी सांभाळून आलेले. एक हवालदार, दोन ग्रामसेवक, एक निवृत्तीला टेकलेले मास्तर. या थोराड माणसांना सुरुवातीला तो पोरखेळ वाटला. हवालदारसाहेब तर म्हणाले, दिवसभर आम्ही लोकांना हाजिर करतो आणि संध्याकाळी हा बाबा आम्हाला करतो. पण दुसऱ्या वर्षी तेच हवालदारसाहेब पुस्तक न उघडता विलंबमाफीचा अर्ज लिहायला लागले. मी आज एवढी वर्षं शिकवते आहे, माझ्या वर्गातल्या एकालाही तो येत नाही.

सर उंच, किंचित पोक आलेले, आणि बारा महिने काळ्या कोटात. धाराशिवच्या मे महिन्यात, कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेली असतात तेव्हाही कोट. बाह्या खडूनं पांढऱ्या झालेल्या. परंड्याच्या कोर्टात त्यांनी तीन वर्षं वकिली केली आणि एके दिवशी सोडून दिली. का सोडली हे कुणी विचारलंच तर म्हणत, "मला खोटं बोलता येत न्हाय असं नव्हे. उशीर लई लागतो. तंवर समोरचा बोलून जातो."

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे 'शपथेवर'. एखादा पोरगा म्हणाला, सर, मी न्यायाधीशाची परीक्षा देणार, की सर चष्म्यावरून बघत आणि म्हणत, शपथेवर सांग. पोरगा गडबडे. शपथेवर सांगायचं म्हटलं की अर्ध्यांना आठवे की आपण तर बापानं फॉर्म भरला म्हणून आलो. कुणी रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून आलं होतं, कुणाच्या भावकीत बांधाचं भांडण होतं आणि घरात एक वकील असावा असं आजोबांना वाटलं होतं. सर सगळं ऐकून घेत आणि म्हणत, कायद्यात सगळ्याला मुदत हाय, फकस्त आशेला न्हाय. मग फळ्याकडं वळून पुढचं कलम सुरू करत.

अशा माणसाकडं कॉलेजनं करिअर मार्गदर्शन कक्ष दिला होता. दिला म्हणजे दुसरं कुणी घेईना. कक्ष म्हणजे जिन्याखालचं एक लोखंडी कपाट आणि एक बॅनर. बॅनरवर 'विधी क्षेत्रातील करिअरच्या वाटा' असं छापलेलं, आणि पाहुण्याच्या नावाच्या जागी दर वेळी नवा कागद चिकटवायचा. कागदावर कागद चढून ती जागा चांगली जाड झाली होती.

आपल्याकडं पाहुण्यांचा परिचय कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यानं स्वतःच मोबाइलवर मजकूर पाठवायचा, आपण त्याला पदरची दोन विशेषणं जोडायची आणि वाचून दाखवायचं. सरांना हे मंजूर नव्हतं. पाहुणा ठरला की सर रविवारी त्याच्या गावाला जायचे. तिथल्या कोर्टासमोरचा चहावाला, झेरॉक्सवाला, जुना कारकून, न्हावी, असे साक्षीदार तपासायचे, आणि पाहुण्याच्या भाषणाआधी तो सगळा जाब-जबाब शांत आवाजात वाचायचे. पंचनामा वाचावा तसा. त्यात राग नसे, टोमणाही नसे.

एकदा एक सरकारी वकील आले. सरांनी सांगितलं की हे करारांच्या कायद्यात तीन वेळा नापास झाले आणि पहिल्या पाच वर्षांत यांना लोकांनी वकील म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त बोलावलं. वकीलसाहेब पोट धरून हसले आणि त्यांनी तासभर मनापासून सांगितलं. दुसऱ्या खेपेला एका बँकेचे विधी अधिकारी आले, टाय बांधून. सर म्हणाले, यांनी कैक वर्षांत कोर्टाची पायरी चढलेली न्हाय, आणि त्यांच्या मंडळी सांगतात की रविवारी हे कोट घालून आरशासमोर उभे राहतात. सभागृह खिदळलं. ते गृहस्थ हसले नाहीत. खाली मान घालून नुसतं 'खरंय' म्हणाले, आणि लिहून आणलेलं भाषण त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. बाकीच्यांसारखी मीही तेव्हा हसले होते, त्याची मला आता लाज वाटते.

आणि एकदा सरांनी तेरखेड्याहून एका बाईंना आणलं. त्या आमच्याच कॉलेजच्या, एका फटाक्याच्या कारखान्यात परवान्याचे कागद सांभाळायच्या. प्राचार्य म्हणाले, अहो, न्यायाधीश आणा, आमदार आणा, फटाकेवाली काय आणता? मूल्यांकन समितीला फोटो दाखवायचे असतात. बाई साध्या सुती साडीत आल्या, हातात कागदांची पिशवी. त्यांनी शोभेच्या दारूच्या साठ्याचे नियम असे सांगितले की हवालदारसाहेब वहीत लिहून घ्यायला लागले. शेवटी म्हणाल्या, माझ्या वर्गातल्या सनद घेतलेल्या लोकांत रोज कायदा वाचणारी मी एकटीच राहिले, बघा. टाळ्या सरांनी एकट्यानं वाजवल्या. त्या दिवसाचा फोटो कुठल्याही अहवालात गेला नाही.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

मी भूमजवळच्या ईट गावची. आमची खव्याची भट्टी. घरात कायदा म्हणजे खव्याच्या वजनाचा आणि भावकीचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लॉला घातलं ते मी हट्ट धरला म्हणून, आणि एक अट घालून. निकाल लागेपर्यंत एखाद्या मोठ्या वकिलाच्या हाताखाली जागा मिळाली तर पुढचं बघू. नाही मिळाली तर शेजारच्या वाशीचं स्थळ आलेलंच आहे, त्यांना हो म्हणायचं. अण्णा वाईट नव्हते. त्यांना वाटे, वकिली म्हणजे कुणीतरी हात धरून आत न्यायची गोष्ट आहे, आणि बाईमाणसाला तर हात धरणारा आधी लागतो. ते चूक आहे असं मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

असा हात आमच्या कॉलेजला एकच ठाऊक होता. आमच्याच जिल्ह्यातले एक वकील हायकोर्टाच्या खंडपीठात मोठे झाले होते. दर एक-दोन वर्षांनी ते व्याख्यानाला येत आणि जाताना एका विद्यार्थ्याला ज्युनिअर म्हणून बरोबर घेत. व्यासपीठावरून नाव पुकारायचे, खांद्यावर हात ठेवायचे, फोटो निघायचा. ते फोटो जिन्यात ओळीनं लावलेले होते, सहा. मी तीन वर्षं त्या जिन्यानं चढउतार केली आणि दर वेळी सातव्या खिळ्याकडं बघितलं. त्या वर्षी मी विद्यापीठात वरच्या नंबरात होते आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, यंदा तुझंच नाव दिलंय, आईवडिलांना घेऊन ये.

अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पाहुण्यांसाठी खव्याचा डबा. आई आली नाही, भट्टी बंद ठेवता येत नव्हती. अण्णा शेवटच्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसले, मी पहिल्या रांगेत.

सरांनी त्या पंधरवड्यात रजा टाकली होती, हे मला नंतर कळलं. या वेळी ते पाहुण्यांच्या गावाला गेले नव्हते. ते त्या सहा फोटोंतल्या सहा जणांना शोधत हिंडले होते.

सर माईकपुढं उभे राहिले आणि त्यांनी पाहुण्यांची पदं, मोठे खटले, मानसन्मान, सगळं नीट वाचलं. मग पान उलटलं. पहिला विद्यार्थी कळंबला मोबाइलची कव्हरं विकतो. तो साहेबांच्या ऑफिसात होता त्या काळात साहेबांच्या मुलांना शाळेत सोडण्याचं काम त्याच्याकडं होतं. दुसरा तुळजापूरला लॉज बघतो. तिसरी मुलगी बार्शीला दिली, तिची सनद अजून घ्यायची राहिली आहे. चौथ्यानं सरांशी बोलायला नकार दिला, दार लावून घेतलं. पाचव्यानं लिहिलेले दावे सर वाचून आले होते, त्यांवर सही दुसऱ्याची होती. सहावा अजून तिथंच आहे, फायली उचलतो आणि तारखा आणतो. सरांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "या सहा जणांतल्या एकाचंही नाव आजपर्यंत एकाही वकीलपत्रावर आलेलं न्हाय. पाहुण्यांचा परिचय संपला."

वकीलसाहेब उठले, हसले, आणि जिद्द आणि चिकाटी यांवर चाळीस मिनिटं उत्तम बोलले. शेवटी म्हणाले की यंदा निवड करणार नाही. प्राध्यापक महाशयांनी मुलांना सावध केलं आहे, मी कशाला कुणाचं नुकसान करू. ते गेले. अण्णांनी डबा परत पिशवीत ठेवला. भूमला बसमधून उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "वाशीवाल्यांना आता निरोप देतो."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीवर गेले. बसस्टँडच्या मागं ते भाड्यानं राहायचे. मी चप्पलही काढली नाही. तुम्हाला कुणी विचारलं होतं, असं मी त्यांना म्हणाले. सर म्हणाले, "तू सातवी झाली असतीस."

"मला सातवी व्हायचं होतं," मी म्हणाले. "कळंबला कव्हरं विकेपर्यंत का होईना, मी चार वर्षं कोर्टात उभी राहिले असते. तुम्ही ते नेलं. त्याच्या बदली काय हाय तुमच्याकडं?"

सरांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला, आणि खडू लागून तो आणखी मळला. मी निघून आले. त्यानंतर मी सरांशी कधी बोलले नाही. रस्त्यात दिसले तर रस्ता बदलला. मला त्यांचा राग होता, आणि तो मी जपला, कारण माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

मार्गदर्शन कक्ष त्यांच्याकडून काढून घेतला. ते निवृत्त होईपर्यंत पुकारा करत राहिले, म्हणतात. माझं लग्न झालं. नवरा शिक्षक, माणूस बरा. त्याच्या बदलीबरोबर धाराशिवला आले. मधे सनद घेऊन सात-आठ महिने कोर्टात बसूनही बघितलं. ओळखीचे पक्षकार येत, बसा म्हटलं तर बसत, आणि उठून पलीकडच्या टेबलावर वकीलपत्र देत. मग पुढचं शिक्षण केलं आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे शिकवलं तेवढ्या तासांची मी प्राध्यापक, बाकी वेळ कुणी नाही. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा. आठवड्याला नऊ तास.

दोन वर्षांपूर्वी सर परंड्याला वारले. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी आली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही जोडलेले हात टाकले आणि नऊच्या तासाला गेले.

यंदा खंडपीठातले ते वकीलसाहेब पुन्हा आले. केस पांढरे झालेत, हसणं तेच. सूत्रसंचालन आणि परिचय माझ्याकडं, कारण तासिकावाल्यांना नाही म्हणता येत नाही. कार्यक्रमाआधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा चालला होता. त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही त्याच ना, पहिल्या रांगेतल्या? तुमच्यासाठी तुमचे सर आले होते माझ्याकडं."

मी कप खाली ठेवला. त्यांनी ती गोष्ट गमतीनं सांगितली, प्राचार्यांना हसवण्यासाठी. कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी सर रात्रीच्या गाडीनं त्यांच्याकडं गेले होते. बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसले. आत गेल्यावर उभ्यानंच म्हणाले की मी परिचयात जे वाचलं ते सगळं ऐकीव आणि खोटं होतं, मी तसं लिहून देतो, पण त्या मुलीला घ्या.

"मी म्हटलं, प्राध्यापक, शपथेवर लिहाल का? म्हणाले, लिहितो. खाली जाऊन स्टॅम्प आणला, नोटरी करून आणली. पूर्ण प्रतिज्ञापत्र. एवढं सुंदर ड्राफ्टिंग मी माझ्या ज्युनिअरांकडून कधी बघितलं नाही." वकीलसाहेब चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मग मी त्यांना विचारलं, खोटं प्रतिज्ञापत्र करणाऱ्याच्या विद्यार्थिनीला मी माझ्या ऑफिसात कशी घेऊ?"

प्राचार्य हसले. मीही हसले, असं मला वाटतं. तीन दिवस लागले होते सरांना ते खोटं बोलायला. मी त्यांच्या दारात चप्पल घालून उभी होते तेव्हा त्यांच्या डोक्यात ते सुरू झालं असणार. आणि ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना शपथेवर धरलं, त्यांनी माझ्यासाठी एकदाच शपथ घेतली आणि ती मोडीत निघाली. मला हे सांगायला ते कधी आले नाहीत. मी रस्ता बदलत होते, येणार कुठं.

मला तिथं ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. सभागृहात जाऊन माईक घेतला आणि त्यांनीच मोबाइलवर पाठवलेला परिचय वाचला. 'ग्रामीण विद्यार्थ्यांचा आधारवड' हे विशेषण माझ्या पदरचं. जूनचा अर्ज डोळ्यांपुढं होता. वाचताना माझा आवाज कुठंही अडकला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्यांनी एका मुलीची निवड केली. परंड्याकडची, भाऊ मेंढरं घेऊन बालाघाटच्या डोंगरात हिंडतात, ही पहिली शिकलेली. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. फोटो झाला. दुसऱ्या दिवशी ती शिफारसपत्रावर सही घ्यायला आली तेव्हा मी स्टाफरूमचं दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. सहा जणांचं, मुलांना शाळेत सोडण्याचं, दुसऱ्याच्या सहीचं. सरांनी जे वाचलं होतं ते शब्दाला शब्द मला पाठ होतं. जाऊ नको, असं मी तिला म्हणाले.

तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "मॅडम, तुमाला तर त्या सरांनी जाऊ दिलं न्हाय. मग तुमचं काय झालं?"

उद्धटपणानं नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं होतं. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी तिच्या हातातलं पत्र घेतलं, सही केली आणि खाली तारीख घातली.